अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

प्रिय दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? आणि वहिनीचे कान? (तुझ्या बडबडीला कंटाळून तिने ते मुद्दाम बंद केलेत, असं माझं मत आहे.) आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे मंगळवारपर्यंत होतो.

मंगळवारी सकाळी लॅपटॉपने विचारलं, अपडेट करू का? मी म्हटलं, कर बाबा. तीस टक्क्यांवर त्याने जी बैठक मारली, ती तीन चहा झाले तरी मोडेना. शेवटी मोडली आणि निळा पडदा आला: डिस्क एन्क्रिप्टेड आहे, किल्लीचे अठ्ठेचाळीस आकडे टाका. दादा, मला स्वतःचा फोन नंबर पाठ नाही! ह्यांनी मोठ्या उत्साहाने घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा ओळीने टाकल्या. त्यात माझीच चुकली. (पुढचं भांडण वेगळ्या पत्राचा विषय आहे.) आत माझ्या नळकामाच्या वर्गाची गुरुवारची प्रश्नपत्रिका अडकलेली. धावत दुरुस्तीवाल्याकडे गेले.

तो म्हणाला, "ताई, घाबरू नका. चोराच्या बापालाही आतलं काही मिळणार नाही."

"आणि मला?"

"तुम्हालाही नाही."

वर हसला मेला. एकवीस वर्षं मी पोरांना गळती थांबवायला शिकवतेय, पण इतकी न गळणारी वस्तू पहिल्यांदाच पाहिली.

गुरुवारी बावीस विद्यार्थी पेन सरसावून बसलेले आणि मी हात हलवत आलेली. पण तोऱ्यात सांगितलं, "पेनं ठेवा, पाने उचला," आणि सगळ्यांना संस्थेच्या स्वच्छतागृहात नेलं. तिथले सात नळ दोन वर्षं ठिबकत होते. दुपारपर्यंत सहा बंद झाले. सातवा एकाने मुळासकट उपटला आणि प्राचार्य नखशिखांत भिजले. त्याला मी पूर्ण गुण दिले. (प्राचार्यांना तू ओळखतोस.)

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण

ता. क. – दुरुस्तीवाल्याने तपासून सांगितलं की लॅपटॉप अजून तुझ्याच खात्याला जोडलेला आहे. म्हणजे किल्ली तुझ्या खात्यात पडून आहे. (तुझा जुना मला देताना "सगळं सेट करून दिलंय" म्हणाला होतास, ते हेच!) ते आकडे लगेच कळव.

ता. ता. क. – तुझ्या निवृत्तीच्या समारंभाचं माझं भाषणही आतच आहे. किल्ली नाही मिळाली, तर आठवेल तसं बोलेन. सध्या एवढंच आठवतंय की सातवीत माझ्या निबंधावर स्वतःचं नाव घालून तू बक्षीस आणलं होतंस. वहिनीला पुढच्या रांगेत बसव.