जोॲनला विचारू नये असा प्रश्न

मी, सदानंद माधव टिपणीस, वय ६४ वर्षे, स्थापत्य अभियंता, मूळ राहणार तळेगाव दाभाडे, सध्या राहणार बुदैया, बहरीन, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे मन स्थिर आहे. हृदय तितकेसे नाही, म्हणून येत्या चौदा तारखेला शस्त्रक्रिया ठरली आहे. मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

१. माझे २००९ सालचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सर्व काही पत्नी हेमा हिच्या नावे होते, कारण मी आधी जाईन असे गृहीत धरले होते. हेमा यंदा ११ फेब्रुवारीस गेली.

२. येथील बँकेतील शिल्लक व मोटार मुलगा वरुण यास द्यावी. माझी कंपासपेटी भाची इरावती हिला द्यावी. वरुणने लहानपणी तिच्यातील कर्कटक दारावर फेकून नेमबाजी केली होती. ते मी विसरलेलो नाही.

३. तळेगावची सदनिका माझी स्वकष्टार्जित आहे. ती वरुणला मिळावी. मात्र हेमाची मैत्रीण श्रीमती जोॲन लाल यांना तेथे हयातभर राहण्याचा हक्क असावा. जोॲनचा व्हिसा डिसेंबरअखेर संपतो. भारतात तिला घर नाही.

४. वरुणची या कलमास हरकत आहे, म्हणून खुलासा करणे भाग आहे.

जोॲन इटारसीकडच्या क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबातली, नागपुरात वाढलेली. या पंथात पाद्री नसतो. मंडळी एकत्र शांत बसतात आणि आतून शब्द आला तरच कोणी उभे राहून बोलते. १९८९ साली आम्ही येथे मनामा शहरातील एकाच कार्यालयात होतो. ती नकाशे काढत असे. सर्वजण मला 'टिपणीस साहेब' म्हणत. जोॲन 'सदानंद' म्हणे, कारण तिचे लोक कोणालाच उपाधी लावत नाहीत. पुढे हेमा तिला चिडवी, "मला उखाण्याशिवाय यांचं नाव घेता आलं नाही, आणि ही बघा, खुशाल हाक मारते!"

त्या वर्षी एका शुक्रवारी, कुतूहल म्हणून, मी जोॲनच्या खोलीवर तिच्या उपासनेला बसलो. आणखी दोघे यायचे होते, ते आले नाहीत. हेमाशी झालेल्या साखरपुड्याची अंगठी माझ्या बोटात होती. तास संपत आला तेव्हा जोॲन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग खाली बसली आणि म्हणाली, "चहा ठेवते." मी पुन्हा त्या खोलीवर गेलो नाही.

पुढच्या वर्षी हेमा लग्न होऊन आली, तेव्हा विमानतळावर मोगऱ्याचा गजरा घेऊन जोॲनच उभी होती. पस्तीस वर्षे त्या दोघी मैत्रिणी राहिल्या. शेवटचे चार महिने हेमाला न्हाऊमाखू घालण्याचे काम जोॲनने केले.

जानेवारीत एका दुपारी हेमाने तिला विचारले, "जोॲन, खरं सांग. हे तुला आवडायचे ना गं? माझ्या लग्नाआधीपासून?" मी औषध घेऊन दारात होतो, वरुण माझ्या मागे. जोॲन काही बोलली नाही. शेवटी हेमाच म्हणाली, "राहू दे. खोटं तुला जमत नाही आणि खरं तुला बोलवत नाही. उशी जरा वर कर." त्या रात्री हेमा मला म्हणाली, "अहो, मी उगाच विचारलं. तिला एकटी पाडू नका."

वरुणने त्या मौनाचा वेगळा अर्थ लावला. गेल्या महिन्यात त्याने माझ्यासमोर जोॲनपुढे टेबलावर बायबल ठेवले. "जोॲन आंटी, देअर वॉज नथिंग, असं यावर हात ठेवून सांगा. देन द फ्लॅट इज युअर्स. खलास."

"मी शपथ घेत नाही, वरुण. आमच्यात कोणीच घेत नाही."

"सी, बाबा?"

"शपथ घेतली, तर एरवी मी खोटं बोलते असा अर्थ होतो. तू तसंच विचार. जे विचारशील त्याचं उत्तर देईन."

वरुण विचारणारच होता. मी टेबलावर हात आपटला आणि त्याला गाडी काढायला सांगितले. मुलावर मी आवाज चढवण्याची ती पहिलीच वेळ. जोॲन खुर्चीत ताठ बसून होती. विचारले असते, तर तिने सांगितले असते.

५. माझ्या व जोॲनच्या वर्तनात हेमाशी प्रतारणा होईल असे कधीही काही घडले नाही. हे मी माझ्या सहीनिशी लिहून देतो. जोॲनकडून त्यासाठी शपथ, सत्यप्रतिज्ञा वा कोणताही लेख मागू नये.

६. जोॲनचे माझ्यावर प्रेम होते काय, हा प्रश्न तिला तोंडी, लेखी किंवा वकिलामार्फत कोणीही विचारू नये. वरुणने विचारल्यास सदनिकेवरील त्याचा हक्क त्या क्षणी संपुष्टात येऊन ती इरावतीस मिळेल. जोॲनने छत्तीस वर्षे जे स्वतःजवळ ठेवले, ते तिची मालमत्ता आहे. त्याची वाटणी या दस्ताने होत नाही.

७. चौदा तारखेला सकाळी जोॲन मला रुग्णालयात पोहोचवणार आहे. गाडीत आम्ही दोघेच असू. बुदैयाच्या रस्त्यावर त्या वेळी पाऊण तास लागतो. कलम सहा माझ्यावरही बंधनकारक आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

सदानंद माधव टिपणीस

साक्षीदार:
१. ब्रिजिट डिमेलो, शेजारी, मूळ वसई
२. डॉ. अर्शद काझी, कुटुंबाचे डॉक्टर

स्थळ: बुदैया, बहरीन
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५