जन्मापासून नसलेल्या नळ्या

९ फेब्रुवारी
रक्ततपासणीत प्रोस्टेटचा आकडा पुन्हा वाढलाय. डॉ. पेल्टियर म्हणाले, सुई घालून तुकडा काढण्याआधी एमआरआय करून बघू. कॅन्सर हा शब्द त्यांनी काढला नाही — मीही नाही.
लेकीला, कायसाला, फोनवर सांगून बसलो. सांगायला नको होतं, पोरीला सातवा महिना लागलाय. ‘मी येते बरोबर,’ म्हणाली. नको म्हटलं.

२ मार्च
थंडीनं गाडी चालूच होईना. शेजारच्या ऑस्मोनं सोडलं हॉस्पिटलात.
जन्मभर पेपर मिलमध्ये वेल्डिंग केलेलं, म्हणून आधी डोळ्यांचा एक्सरे. लोखंडाचा कण राहिला असेल तर चुंबक ओढतं म्हणे. मग त्या नळकांड्यात आडवा. हलायचं नाही. ठकठक, घरघर — मिलच बरी होती.
आता वाट बघायची.

११ मार्च
कॅन्सर नाही.
एवढ्यावर उठणार होतो. डॉक्टर मात्र पडद्याकडेच बघत राहिले. मुलंबाळं किती, विचारलं. एक मुलगी, म्हटलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग हळूहळू सांगितलं — बीज वाहून नेणाऱ्या नळ्या माझ्यात दोन्ही बाजूंना नाहीतच. जन्मापासून. अशा माणसाला आपसूक मूल होत नाही.
‘चूक झाली असेल,’ मी म्हटलं.
‘दोघा डॉक्टरांनी तपासलंय, रेइनो.’
घरी कसा आलो, आठवत नाही.

१२ मार्च
काही लिहवत नाही.

१४ मार्च
कोण असेल? बायकोला, इर्याला, विचारायचं तर ती चार वर्षांपूर्वीच गेली. दोन दिवस तिच्याशी मनातल्या मनात भांडतोय. ती उत्तर देत नाही — जिवंतपणी एक शब्द खाली पडू द्यायची नाही.
कायसाचे कान माझ्या आईसारखे, असं सगळे म्हणायचे. मी तर सगळ्यांत मोठ्यानं.
तिला कळता कामा नये. आता तर नाहीच.

१६ मार्च
कायसा आली, वेलदोड्याचा पाव घेऊन. कॅन्सर नाही म्हटल्यावर रडली. तिला धीर द्यायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं — ‘असता तरी तुझ्या बाळाला भीती नव्हती. माझ्याकडून त्याच्यात काही जायचं नाही.’
तिनं डोळे पुसले. म्हणाली, ‘ते ठाऊक आहे मला, बाबा. आई जाण्याआधी सांगून गेली. तुम्हाला कुणी सांगितलं?’
चार वर्षं! आणि माझ्याकडे यायचा एकही रविवार चुकवला नाही तिनं.