डॉक्टर नको म्हणाले

बनशंकरी, १४ नोव्हेंबर १९९६

अण्णाला जाऊन सोळा दिवस झाले. आज वहिनींनी त्याचा कृत्रिम पाय काढून माझ्यापुढे ठेवला, कोणाला उपयोगी पडला तर द्या म्हणाल्या. कोणाला पडणार? वरचा पोकळ भाग त्याच्याच मांडीच्या मापाचा. सगळा भार तिथल्या कातडीवर यायचा, सोलून निघायची.

दोन वर्षांपूर्वी त्याने स्वीडनमधल्या नव्या पायाबद्दल वाचलं. मांडीच्या हाडात धातूचा स्क्रू बसवतात, हाड त्याला घट्ट धरतं, पाय त्यालाच जोडायचा. भार सरळ हाडावर. "म्हणजे पायाखाली खडा आला तर कळेल की रे!" म्हणाला. मला डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टर त्याचा एक्स-रे पाहून म्हणाले, हाड चांगलं आहे, तिकडे पत्र लिहून बघू. पण दोन ऑपरेशनं, कित्येक महिने पायाशिवाय, आणि धातू कातडीबाहेर येतो तिथे पू होण्याची भीती. मी घाबरलो. घरी येऊन सांगितलं, डॉक्टर नको म्हणाले. अण्णा कानडीत नुसतं "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाला. त्या खड्याबद्दल पुन्हा कधी बोलला नाही.

खरं सांगून त्यालाच ठरवू द्यायला काय हरकत होती? पाय त्याचा होता.

आज सांगायचंच, असं ठरवून तोंड उघडलं, तर वहिनीच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही निदान जाऊन विचारलंत तरी. ह्यांच्यासाठी एवढं कोणी केलं?"

मी तो पाय उचलून बाजूला ठेवला, सांगायचं ते राहिलंच. आता त्या जन्मभर माझे उपकार मानणार.