स्पेसबार शेवटी

३ नोव्हेंबर, सकाळी ९
दिवंगत पत्नीस सविनय कळवितो की, तुझ्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीचा ताबा महिनाअखेर सोडावयाचा आहे. तुझे अंगाईगीत मात्र अपूर्ण आहे. तेरा प्रयत्न, पूर्ण एकही नाही. चिकाटीचा अभाव, असे मी तेव्हाही म्हणत असे. आपल्या मुलीचे दिवस भरत आले आहेत आणि बाळाला आजीचा आवाज हवाच, असा तिचा हट्ट आहे. काम मी स्वतः पूर्ण करणार. घाई नाही. प्रथम त्या सॉफ्टवेअरचे सर्व कीबोर्ड शॉर्टकट पाठ करणे, नंतरच यंत्रास हात लावणे. एकूण चौऱ्याण्णव. रोज आठ. बारा दिवसांत विषय समाप्त.

५ नोव्हेंबर
पुठ्ठ्याची चौऱ्याण्णव कार्डे कापली. दोन दिवस गेले, परंतु कडा सरळ आहेत. पाठांतर उद्यापासून.

९ नोव्हेंबर
ए पासून डी पर्यंत पक्के. डिलीट तर झोपेतही सांगेन.
मेहुणीचा फोन. तुम्ही दोघी बहिणींनी मिळूनच हे खूळ शिकून घेतले होते, त्यामुळे तिला यातले कळते. म्हणाली, भाऊजी, स्पेसबार दाबला की गाणं वाजतं, तेवढं आलं तरी पुष्कळ झालं. मी सांगितले की स्पेसबार हे अक्षर नव्हे, आणि माझा क्रम अक्षरांनुसार आहे. तो शेवटी येईल. त्यावर ती नुसते बरं म्हणाली. तुझ्या 'बरं'मध्ये जे असायचे, तेच तिच्याही 'बरं'मध्ये असते.

१४ नोव्हेंबर
पंख्यामुळे कार्डे उडाली. क्रम बिघडला. पुन्हा ए पासून.

१८ नोव्हेंबर, दुपारी
मुलीचा फोन. बाबा, आईचं गाणं एकदा ऐकलंत तरी का? मी म्हटले, ऐकणे हा नंतरचा टप्पा आहे. ती म्हणाली, छान, मूल शाळेत जायला लागेल आणि तुम्ही कार्डंच लावत बसाल. अतिशयोक्तीचा दोष तिला तुझ्याकडून आला आहे.

२३ नोव्हेंबर
यंत्र प्रथमच सुरू केले. आर दाबला गेला. मी पाऊण तास शॉर्टकट घोकत होतो, ते सर्व मुद्रित झाले. माझा आवाज इतका किरकिरा असेल, अशी कल्पना नव्हती. मुद्रण चालू असताना दारावरचा तांबडा दिवा लागतो, हेही आज समजले. तू असताना तो दिवा दिसला की काहीतरी बिघाड झाला असे समजून मी तातडीने आत शिरत असे. रोज बरोबर चार वाजता, थर्मास घेऊन.

२९ नोव्हेंबर
मेहुणी आली. खुर्ची ओढली आणि मला न विचारता स्पेसबार दाबला.
तू गात होतीस.
मग दार करकरले. माझाच आवाज : काही बिघाड आहे का? चहा आणलाय.
तेरापैकी अकरा वेळा हेच. उरलेल्या दोन्ही वेळा तू स्वतःच मध्ये थांबून म्हणतेस, चार वाजत आले, येतीलच आता. मेहुणी हसत होती, नंतर डोळे पुसत होती. मी कार्डांच्या कडा जुळवीत होतो.
चिकाटीसंबंधीची दिनांक ३ची नोंद रद्द समजावी.

३० नोव्हेंबर
मेहुणीने निरनिराळ्या प्रयत्नांतले तुकडे माऊसने जोडले. चाळीस मिनिटे लागली. एकही कार्ड लागले नाही.
गीत पूर्ण. फक्त अखेरच्या ओळीनंतर दार करकरते आणि तू म्हणतेस, अहो, दोन मिनिटं थांबा ना, होतंच आलंय. मेहुणीने विचारले, भाऊजी, एवढं काढून टाकायचं ना? शॉर्टकट सांगा बघू. मला आठवला नाही. वयाचा परिणाम असावा. तो त्या बटणावरच लिहिलेला असतो, हे तिनेही निदर्शनास आणून दिले नाही. मुलीस गीत आहे तसे पाठविले.
चार वाजता खोली रिकामी झाली. दार ओढून घेतले आणि बाहेर उभा राहिलो.
चार वाजून दोन मिनिटांनी कुलूप लावले. किल्ल्या मालकिणीस परत केल्या.