प्रार्थनेतली गाळलेली ओळ

॥ बिरोबा प्रसन्न ॥
उमरगा, ५ फेब्रुवारी २०२४

ती. वर्षाराणी अक्कास,
धाकट्या मल्हारचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. इथं व्यसनमुक्ती केंद्रात आल्या आल्या मोबाईल जमा करून घेतात, म्हणून शाळेत शिकलेलं थोडंफार उकरून काढलं. खिडकीतनं हैदराबादच्या रोडवरचे ट्रक दिसतात. कुठल्या पासिंगचा, कुठं निघाला, मला नेईल का, हेच डोक्यात. असू दे, काम वेगळंच हाय.

रोज सकाळी सगळे उभं राहून एक प्रार्थना म्हणतात. ती मुळात ख्रिस्ती लोकांची. आमचे वर्ग घेणारे उमाशंकर सर म्हणले, तोंडदेखलं म्हणू नका, ज्यानं त्यानं आपल्या देवाच्या नावानं बसवून घ्या. शेजारच्या खाटेवरच्या कल्याणप्पानं स्वर्गातल्या बापाच्या जागी महादेव घातला अन् पाच मिनिटांत मोकळा झाला. मी बिरोबा घातला अन् चार दिवस अडकलोय. आजची भाकर आज दे, मोहात पडू देऊ नको, एवढं तर आपल्याच घरातलं वाटतं. कागद सोबत धाडलाय, आप्पांना वाचून दाखव.

वीस तारखेला घरचं माणूस सहीला आलं तरच घरी सोडतात. बाप असून आप्पा आले न्हाईत तर मी कुठं जाईन मला ठाऊक न्हाय. ट्रक समोरच हायत.

आहे तेवढी माया ठेव.
तुझा मल्हार


वाशी, ९ फेब्रुवारी

चि. मल्हारास,
अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बघून आधी वाटलं, मेंढरू कागदावरनं गेलं की काय.

तू धर्म बदललास हे आप्पांना गावातल्या कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. मी तीनदा समजावलं, तेव्हा हं म्हणाले. ते लोकर कातरत होते, तिथंच बसून मी त्यांना वाचून दाखवायला लागले. "स्वर्गातल्या बिरोबा" या पहिल्याच ओळीला त्यांची कातर थांबली. आपला देव वर बसत नसतो, मेंढरामागं चालतो, पोराला एवढं पण लिहिता येईना का, म्हणाले. पुढं मोह आला तर म्हणाले, सरळ बाटली लिही म्हणावं, देवाला कोड्यात काय सांगायचं. म्हणजे बघ, रागात का होईना, ऐकलं सगळं. तेवढं दुरुस्त कर.

आता माझं. मी मूळची प्रार्थना मोबाईलवर शोधून वाचली. भाकर अन् मोह यांच्यामध्ये माफीची एक ओळ आहे. ती तू गाळलीस. का?

सहीचं विचारलं तर आप्पा उठून मेंढरांच्या वाडग्याकडं गेले. जेवायलाही उशिरा आले.

जिवाला जप, आम्हाला विसरू नको.
तुझी अक्का


उमरगा, १३ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न.

पवनचक्कीचं पातं घेऊन निघालेला लांबडा ट्रक काल वळणावर अडकला. आम्ही अर्धा दिवस तेच बघत होतो. कल्याणप्पा म्हणला, तुझ्या पत्रासारखाच हाय, वळंना. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळतोय हे त्याला कळलं असावं.

बिरोबाला नवस बोलतात, माफी मागत न्हाईत, म्हणून गाळली, असं आधी लिवलं होतं. फाडलं ते. खोटं होतं.

ती ओळ म्हणती, आम्ही जसं दुसऱ्याला माफ केलं तसं आम्हाला माफ कर. मी पिऊन पडलो, मेंढरं हायवेवर गेली, अकरा मेली. माफी मागायला माझी ना न्हाय. पण आप्पांनी मला मेंढराच्या दाव्यानं देवळाच्या खांबाला बांधलं, गावानं व्हिडिओ काढले, ते अजून डोळ्यापुढनं जात न्हाय. मग "जसं आम्ही माफ केलं" कुठल्या तोंडानं म्हणू? तिथं आलो की पाय आपोआप दाराकडं वळतात.

बाकीचं आप्पांच्या मनासारखं केलंय. मेंढरामागं चालणाऱ्या बिरोबा, असं सुरू होतं. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नको.

मनातनं काढू नको एवढंच.
मल्हार


वाशी, १७ फेब्रुवारी

चि. मल्हारास अ. उ. आ.

वाचून दाखवलं मी त्यांना. सगळं. आल्यावर काय बोलायचं ते बोल.

दाव्याचं आलं तेव्हा आप्पा खाली बघत होते. माफीची ओळ मात्र मला तीनदा वाचायला लावली. मग उठून वाडग्याकडं निघाले. मला वाटलं, संपलं आता, पोरगं ट्रकवर चढणार.

तर दारातनं वळून त्यांनीच विचारलं, उमरग्याला पहिली गाडी किती वाजता. वीस तारखेला ते येतायत. त्यांना सही येत नाही, अंगठा चालतो का ते सरांना विचारून ठेव. अन् तुझ्यासाठी जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझं एक अक्षर घालत नाही:

"म्या अजून माफ केलं न्हाय त्याला. त्यानं बी मला इतक्यात करू नये. पण ती ओळ कागदावर असू दे म्हणावं. तिथं आलो की दोघं बी गप बसू, अन् फुडची म्हणू."

दारातनं आत येशील तोवर वाट बघते.
तुझी अक्का, वर्षाराणी