‘अम्मी’ या फोल्डरची व्यवस्था

मी, यासीन इब्राहीम परकार, वय ७१, राहणार खेड, जिल्हा रत्नागिरी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल शंका असल्यास साक्षीदार काशीराम मास्तरांना विचारावं. परवाच ते माझ्याकडून बुद्धिबळात हरले आहेत.

१. घर, केळशीची आंब्याची कलमं आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे मुलगा अक्रम आणि मुलगी उझमा यांना जाईल. त्यात मी माझं शहाणपण घालत नाही.

२. माझा मॅक आणि त्याची बाहेरची डिस्क सून अमरीन हिला द्यावी. सून वारस नसते, म्हणून तिला मृत्युपत्राने देता येतं, असं वकील म्हणाले. मृत्युपत्राने मालमत्तेचा एक तृतीयांशच देता येतो, आणि किंमत त्याच्या कितीतरी आत आहे.

३. अमरीनलाच का, ते सांगतो. मी कुवेतला असताना माझी मरहूम पत्नी फरीदा केळशीहून कॅसेट भरून पाठवायची. पत्रात तिचं मन रमायचं नाही, बोलण्यात रमायचं. त्या सगळ्या कॅसेट मी मॅकवर उतरवून ‘अम्मी’ या फोल्डरात ठेवल्या. अक्रमने पेनड्राइव्हवरून चार फोटो आणले, त्याच्याही फोल्डरचं नाव ‘अम्मी’. तो त्याने माझा फोल्डर होता त्याच जागी आणून टाकला आणि ‘रिप्लेस’ दाबलं. त्याच्या ऑफिसातल्या विंडोजवर दोन्ही फोल्डर एकमेकांत मिसळतात. मॅकवर जुना जातो आणि नवा बसतो. कचरापेटीतही काही उरलं नाही. नशिबाने अमरीनने ईदच्या सुट्टीत तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ओढला होता. दुसऱ्या डिस्कवर ओढलं की मूळ जागचं हलत नाही, प्रत निघते. त्या प्रतीमुळे फरीदा घरात परत आली.

४. तरी फोल्डरच्या ‘गेट इन्फो’मध्ये परवानग्या अशा ठेवाव्यात: अमरीन, वाचणे आणि लिहिणे, अक्रम व उझमा, फक्त वाचणे, बाकी कुणालाही प्रवेश नाही. आतल्या सर्व फायलींना हेच लागू करावं, नाहीतर दार बंद आणि खिडक्या सताड उघड्या. डिस्कवर ‘मालकी दुर्लक्षित करा’ ही खूण असल्यास काढावी, नाहीतर या परवानग्या तिथे पाळल्याच जात नाहीत. अक्रमला अ‍ॅडमिन करू नये, कितीही गोड बोलला तरी. त्याने हवी तर प्रत काढून स्वतःकडे न्यावी आणि तिथे खुशाल धुडगूस घालावा.

५. वरचं कलम ऐकून अक्रम म्हणाला, “अब्बा, अम्मी माझी आनि कुलूप पन मलाच काय?” बाळा, ही शिक्षा नाही. फोल्डर गेला त्या दिवशी तू पडवीत बसून हुंदके देत होतास, ते मी पाहिलं आहे. तुझ्या हातून ती पुन्हा जाऊ नये, एवढंच मला हवं आहे. तू तिला रोज ऐक.

एवढं वाचून दाखवल्यावर अक्रम म्हणाला, “अमरीनचा पासवर्ड तेवढा मला कधी सांगू नका.” मी समाधानाने सही करतो.

यासीन इब्राहीम परकार

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. काशीराम धोंडू जाधव, निवृत्त शिक्षक, खेड
२. दीपाली अनंत शिगवण, शेजारीण, खेड

खेड, ११ फेब्रुवारी २०२४