भेटीचं रोप

३ जून
आले एकदाची पासीटारला! सिंगतामहून जीपने अडीच तास. हाडं खिळखिळी झाली, पण घर पाहिलं आणि सगळं माफ केलं. आत्या जाताना हे घर आणि मागच्या उतारावरचा मसाला वेलदोड्याचा मळा माझ्या नावे करून गेली. चौतीस वर्षं गंगटोकच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली. आता कुणाचं ऐकायचं नाही. फक्त प्रिस्काचं. माझ्या धाकट्या बहिणीची ही लेक. बहीण गेल्यापासून मीच तिला वाढवलं. मला 'ठूलीमा' म्हणते, म्हणजे मोठी आई. पुढच्या महिन्यात बाळंतपणाला इथे येणार आहे. पाळण्याची जागासुद्धा ठरवून टाकली.

७ जून
इथली रीत अशी की नवं माणूस राहायला आलं की प्रत्येक घराने आपल्या मळ्यातलं एक रोप भेट द्यायचं, आणि त्याने ते देणाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने लावायचं. शेजारचे हर्कमान दाजू आणि त्यांची बायको फूलमती भाउजू तांदळाच्या गोड कड्या, सेल रोटीही घेऊन आले. भाउजू म्हणाल्या, "दिदी, ऑफिसातल्या बायका मातीला हात लावत नाहीत म्हणे." मी म्हटलं, लावतात, फक्त नंतर धुतात. अकरा रोपं लावली. हात मात्र चिकट झाले ते झालेच. साबण हरला.

१२ जून
संताप! अकराही रोपांच्या पानांवर फिक्या पिवळ्या रेघा. चिरके. या डोंगरावरच्या शेंबड्या पोरालाही हा रोग ओळखता येतो. बुडाशी पानाचं आवरण सोलून पाहिलं, आत माव्याची कीड गच्च. सरळ जाऊन दाजूंना जाब विचारला. शांतपणे म्हणाले, "दिदी, रोप नाकारायचं नसतं. आणि आजारी आहे म्हणून द्यायचं थांबवायचंही नसतं." ही रीत की कट? सगळी उपटून जाळली. अख्खं गाव कुंपणापाशी उभं राहून बघत होतं. एकजण रागावला असेल तर शपथ.

१७ जून
शेती खात्याचं पत्रक वाचलं. अशा काही रोगांत झाड पिवळं पडतं, वेगळाच वास सोडतं, आणि त्याला भुलून मावा येतो. पण रस बेचव. एक घोट घेऊन कीटक उठतो आणि शेजारच्या धडधाकट झाडावर जाऊन बसतो, विषाणू तोंडात घेऊन. यात झाडाची मर्जी नाही, माव्याचीही नाही. दोघांना नाचवणारा तिसराच.
आत्याच्या जुन्या झाडांवरही आज दोन रेघा दिसल्या.

२१ जून
रोज कुणीतरी येतं. फाटकाशी थांबून नाक वर करतं. "काय सुंदर वास येतो हो तुमच्याकडे, दिदी!" कसला वास? मी अत्तर लावत नाही. चहा देते. एक घोट घेतात, तोंड वाकडं करतात, उठतात. माझ्या चहाला नाव ठेवण्याची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. जाताना मात्र माझं मनगट धरतात. अंगठा दाबून, जरा जास्तच वेळ.
खिडकीतून पाळत ठेवली. माझ्याकडून उठलेला प्रत्येकजण थेट वरच्या घरी जातो. तिथे परवाच नवे मास्तर राहायला आलेत.

२६ जून
भाउजू नळावर भांडी घासत होत्या. बाह्या वर सरकलेल्या. कोपरापर्यंत फिक्या पिवळ्या रेघा, शिरांच्या कडेकडेने. त्यांनी माझी नजर पकडली आणि हसल्या. "पहिल्या वर्षी खाजतं, दिदी. मग सवय होते."
घरी आले. स्वतःचा हात उन्हात धरला—

२८ जून
आहेत. दोन्ही मनगटांवर. घासून साल निघाली, रेघा नाही. जेवण जात नाही. नुसतं उन्हात बसावंसं वाटतं, बोटं पसरून.

२ जुलै
प्रिस्काचा फोन. आठवड्याभरात निघते म्हणाली. मी म्हटलं, येऊ नकोस, मीच गंगटोकला येते. लगेच पिशवी भरली. फाटकापर्यंत पळत गेले. या गुडघ्यांनी, पळत.
मग थांबले. ही घाई कुणाची?
पिशवी उघडली. एकही कपडा नाही. मातीसकट उपटलेली आत्याची रोपं. कधी उपटली मी?

४ जुलै
फाटकाला कुलूप. किल्ली दरीत फेकली. प्रिस्काला फोन करून वाटेल ते बोलले, की तोंड दाखवू नकोस, मेलीस मला. ती हसली. "ठूलीमा, भांडायला तरी येऊ दे गं." आईवेगळी पोर. तिला माझं कुठलंच बोलणं लागत नाही. मीच तशी वाढवली—

७ जुलै
जीप थांबली. तीच आहे. पोटाला हात लावून चढ चढते आहे. परत जा म्हणून ओरडले— शाळेतल्या नन्सनी ऐकल्या असत्या तर बेशुद्ध पडल्या असत्या अशा शिव्या— ती हात हलवते आहे. दाजू कुलूप फोडताहेत. तिला म्हणताहेत, दिदी आजारी आहेत, तुमचीच वाट बघताहेत.
दाराला आतून कडी घातली. पाठ लावून बसले आहे. पायऱ्यांवर ती धापा टाकते आहे. रडते आहे आता. ठूलीमा, दुखतंय गं, दार उघड—
नाही. नाही उघडणार.
उजवा हात हे लिहितो आहे. डावा— डावा कडीवर आहे. मी ठेवलेला नाही. मी त्याला—